बोंबलाची पुडी

डॉक्टरबाईंच्या ओट्यावर आजारी मूल क्वचितच दिसायचं. तिथे बसलेली मुलं चांगली धडधाकट असत, आणि ती औषध घ्यायला नव्हे तर खायला आलेली असत. कोणाला दूध, कोणाला अंडं, मला मासळी. ज्याला जे बाधतं तेच बाई त्याला भरवत. आमच्या गावात हे कोणाला सांगितलं की माणूस आधी हसायचा, मग आईच्या तोंडाकडे बघून गप्प व्हायचा.

बाईंचं घर वसईजवळच्या सांडोरला होतं, केळीच्या बागांच्या मधोमध. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्या मुलांच्या डॉक्टर होत्या. ती नोकरी मुदतीआधीच सोडून त्या गावी परतल्या. लग्न केलेलं नव्हतं. नोकरी का सोडली असं कोणी विचारलं की म्हणत, "तिथे मुलाला काय बाधतं ते शोधायचं आणि आईला सांगायचं, टाळा. टाळा म्हणायला डॉक्टर कशाला लागतो? ते शेजारीणसुद्धा सांगते."

बाहेरदेशी काही डॉक्टर अशा मुलांना तोच पदार्थ कणाकणाने देऊन सवय लावतात, असं त्यांनी वाचलेलं होतं. त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांना ते पटत नसे. त्यांचं चूक होतं असं मी म्हणू शकत नाही. ते धोक्याचं होतंच, आणि ते मला इतर कोणाहून जास्त ठाऊक आहे.

बाई नऊवारी नेसत, आणि खाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट घालत. ओल्या बागेत चपला रुततात, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या बुटांवरच त्या देवळातही, म्हणजे त्यांच्या चर्चमध्येही, जात, आणि तिथेही त्यांच्या हातात एक पितळी डबा असे. त्यात काचेची सिरिंज, सुया आणि इंजेक्शनच्या बाटल्या. एकदा फादरनी हसत विचारलं होतं म्हणे, "प्रार्थनेला हा डबा कशाला, बाई?" तर बाई म्हणाल्या, "फादर, तुम्ही आत्म्याचं बघा. गळ्याचं मी बघते."

घरीसुद्धा स्टोव्हवर सुई उकळलेली असल्याशिवाय त्या कोणाची पुडी उघडत नसत. पाण्याचा तो बुडबुड आवाज ऐकला की आम्हा मुलांना भूक लागायची, हे खरंच सांगते.

माझी पुडी बोंबलाची होती. सुका बोंबील बाई स्वतः भाजत, खलात कुटत आणि फडक्यातून गाळत. बोंबीलच का, तर तो बारा महिने मिळतो आणि वाळलेला असल्यामुळे मापात राहतो. पहिल्या दिवशी मला तो दिसलाही नाही. तांब्याभर पाण्यात त्यांनी चिमूटभर पूड ढवळली, त्यातलं चमचाभर दुसऱ्या तांब्यात, त्यातलं पुन्हा तिसऱ्यात, आणि त्या शेवटच्या तांब्यातला एक चमचा मला पाजला. ते पाणीच होतं. आई हिरमुसली. एवढ्या एस.टी. बदलत बदलत आम्ही पाणी प्यायला आलो होतो.

"तुझ्या अंगात एक राखणदार आहे," बाई मला म्हणाल्या. "फार इमानी आहे, पण तापट. बोंबील दिसला की चोर समजून घरालाच आग लावतो. त्याला ओरडून उपयोग नाही. त्याला रोज हाच पाहुणा लांबून दाखवायचा. मग थोडा जवळून. एक दिवस तो कंटाळून म्हणेल, हा होय, येऊ दे."

मग दर खेपेला ओट्यावर त्या थोडं वाढवून देत. ते पचलं, तर तेवढ्याच मापाच्या पुड्या बांधून घरी रोज एक द्यायला सांगत. वाढवायचं ते फक्त त्यांच्या समोर. हा नियम त्या कोणासाठी मोडत नसत. नालासोपाऱ्याचे एक गृहस्थ एकदा मोठ्या हौसेने सांगायला आले की तुमचं ऐकून मी माझ्या मुलाला घरीच दूध चाखवून बघणार आहे. बाई उभ्याच राहिल्या. "घरी केलंत तर माझ्या पायरीवर येऊ नका," म्हणाल्या. तो माणूस फाटकापर्यंत गेला असेल, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "नाही, या. करायच्या आधी या."

पुडी घेतल्यावर ऊन कलेपर्यंत ओट्यावरच्या लाकडी बाकावर बसावं लागे. खेळायचं नाही, पळायचं नाही. बाई समोर खुर्ची घेऊन बसत आणि म्हणत, "हं, बोल. आठवड्यात काय काय झालं?" मी आमच्या गाईबद्दल, शाळेतल्या भांडणांबद्दल, बांधावर निघालेल्या सापाबद्दल बोलत सुटे. बाई मान हलवत. माझं एवढं कोणी कधी ऐकलं नव्हतं. एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, तुम्हाला आमची गाय आवडते का?"

"तुझ्या गाईत मला काही रस नाही," बाई म्हणाल्या. "तुझा आवाज बसतो का ते ऐकतेय. पुढे बोल."

कोणी शिंकलं, कोणाचं अंग कोमट लागलं, तर त्या दिवशी पुडी मिळत नसे. "आज राखणदाराचं डोकं फिरलेलं आहे. आज नुसत्या गप्पा." मग लोक लांबून आलेले असोत की रडकुंडीला आलेले असोत.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर आईने हे सगळं का सोसलं ते कळणार नाही.

आमचं गाव वसईच्या पूर्वेला, खाडीकाठचं. भातशेती, पलीकडे मिठागरं. आमच्याकडे मासळीला मावरं म्हणतात, आणि मावऱ्याशिवाय घास उतरत नाही अशी माणसं. त्या घरात मी जन्मले आणि मला मावरं बाधायचं. लहानपणी एका लग्नात कोणीतरी मावऱ्याच्या कालवणाचा डाव भाजीत घातला. ती भाजी मी खाल्ली आणि माझा श्वास बंद होत आला. त्या दिवशी मी जगले ती नशिबाने. तेव्हापासून आईने माझी चूल वेगळी केली, माझी भांडी वरच्या फळीवर ठेवली. घरात कालवण उकळायला लागलं की मला बांधावर पाठवायचे, कारण नुसत्या वाफेने माझे डोळे सुजत. लग्नकार्याला मी जात नसे. कोणाच्या घरी पाणी पीत नसे.

गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर स्टेशनजवळच्या शाळेत जायला हवं. बाबांचं ठरलेलं होतं. "तिकडं हिला कोन बघनार? कोनाच्या डब्यात काय असंल, कोनाचा हात कुठं लागंल. चौथी झाली की घरीच बसंल." बाबा दुष्ट नव्हते. त्यांनी ते लग्न पाहिलेलं होतं.

मी तेव्हा दुसरीत होते. तालुक्याच्या दवाखान्यातली नर्स सांडोरची होती. तिने आईला बाईंचं नाव सांगितलं. आईने ते कोणाला न सांगता पदराच्या गाठीसारखं जपलं आणि भातकापणी झाल्यावर बाबांना म्हणाली, "पोरीला एकदा नेऊन आनू."

पाण्यावरून मी हळूहळू पेजेत कालवलेल्या पुडीपर्यंत आले. तिसरीतल्या पावसाळ्यात माझी पुडी डोळ्यांना दिसण्याइतकी झाली होती. आई एस.टी.त माझ्याकडे बघून उगीच हसायची.

मग श्रावण लागला.

आमच्याकडे श्रावणात मावरं घरात येत नाही. भांडी राखेने घासून काढतात, चूल सारवतात. आजी, म्हणजे बाबांची आई, देवाधर्माची कडक. ती आईला म्हणाली, "औषध असंल, पन हाय तर बोंबलाचंच. महिनाभर घरात नको." आईने ऐकलं. तिला त्यात काही चूकही वाटलं नाही. महिनाभर औषधाला खाडा, त्याने काय होतंय. त्यात रस्त्यावर पाणी आलेलं, त्यामुळे सांडोरचीही खेप झाली नाही.

श्रावण संपल्यावर आई मला घेऊन गेली. मी कोंबड्यांशी खेळत होते, त्यामुळे दोघींचं बोलणं मी ऐकलेलं नाही. पण आईने ते मला पुढे अनेकदा सांगितलं आहे.

"पावसात अडकलात ना?" बाईंनी विचारलं. "पण पुडी रोज दिलीस?"

श्रावण म्हटलं तर या ख्रिस्ती बाईला काय वाटेल, अडाणी म्हणतील, पोरीला परत पाठवतील. आईने मान हलवली. हो.

बाईंनी सुई उकळायला ठेवली आणि मागच्यापेक्षा थोडी मोठी पुडी उघडली.

मी बाकावर बसून बेडकाची गोष्ट सांगत होते. तळहात खाजायला लागले. मग ओठ जाड झाल्यासारखे वाटले. बाई अचानक म्हणाल्या, "थांब. ते परत म्हण." मी परत म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला. तोवर बाई उठलेल्या होत्या. मांडीत सुई टोचली. मला फरशीवर आडवं केलं, पायांखाली उशा सरकवल्या. श्वास बारीक वेळूच्या नळीतून ओढावा तसा येत होता. बाई एकाच आवाजात बोलत होत्या, जसं काही बाजाराचं बोलणं चाललंय. "आत घे. सोड. आत घे. आई, तू रडायचं ते नंतर रड, आता हिचे पाय धर." दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं. मग शेजाऱ्यांच्या टेम्पोतून इस्पितळात. दुसऱ्या दिवसापर्यंत मला तिथे ठेवलं. बाई माझ्या खाटेपासून हलल्या नाहीत.

तिथेच आईने सांगितलं, "बाई, श्रावण होता."

बाईंनी माझी चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "रोज घेतलं तरच राखणदार ओळख ठेवतो. महिनाभरात तो सगळं विसरला."

"मी खोटं बोलले, बाई."

"तू खोटं बोललीस. आणि मी काय केलं? जन्म माझा इथला. तुमच्या बायका श्रावणात कोळणीकडे बघतसुद्धा नाहीत हे मी लहानपणापासून बघतेय. आमच्याकडे ईस्टरआधीच्या उपासकाळात मासमटण बंद होतं ते मला बरोबर आठवतं. तुमचा श्रावण आठवला नाही." हे बोलताना बाई रागावलेल्या होत्या, पण कोणावर ते त्या वयात मला कळलं नाही.

बाबांनी घरी आल्याबरोबर उरलेल्या पुड्या खाडीत टाकल्या. सांडोरचं नाव काढायचं नाही म्हणाले. आता चौथीनंतर काय, हे आईला ठाऊक होतं, आणि मलाही.

भात पिवळं पडायला लागलं तेव्हा एका दुपारी बाई आमच्या बांधावरून चालत येताना दिसल्या. बुटांना घोट्यापर्यंत चिखल, हातात तो डबा. बाबा ओट्यावर होते, ते उठून खळ्याकडे गेले. बाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. त्या आजीसमोर जमिनीवर बसल्या.

"आजी, तुमच्याकडे मावरं कधी कधी बंद असतं ते सांगा."

"सांगून काय करता? आता संपलं ते."

"तरी सांगा."

आजीने सांगितलं. श्रावण, नवरात्र, सोमवार, एकादश्या. बाई प्रत्येक दिवसाला मान हलवत होत्या.

"यातला एकही मोडायचा नाही," बाई म्हणाल्या. "सोमवार-एकादशीला आणि नवरात्रात पोर दुपारी गोठ्यात बसून पुडी घेईल आणि आंघोळ करून घरात येईल. चालेल?"

आजीने विचार केला. "गोठ्यात चालंल. पन श्रावन? महिनाभर गोठ्यात बसवता काय पोरीला?"

"श्रावणभर ती माझ्याकडे राहील."

"तुमच्या घरात मावरं शिजनार. पोर त्यातच ऱ्हानार. मग श्रावन कुठं राहिला?"

"नाही शिजणार," बाई म्हणाल्या. "तिची पुडी सोडली तर महिनाभर माझ्या घरात मासळी येणार नाही. माझ्या ताटातही नाही."

आजीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सबूद?"

"शब्द."

मग बाई खळ्यावर गेल्या. मी आईच्या मागे मागे गेले. बाबा पेंढ्याकडे बघत उभे होते.

"पुन्हा तसं व्हायचं नाय, असं सांगता काय तुम्ही?" बाबांनी विचारलं.

"नाही. तसं मी सांगू शकत नाही."

"मग?"

"झालं तर माझ्यासमोर होईल, एवढं सांगते. पुडी बंद केलीत तर कुठेतरी, कधीतरी होईल. लग्नात होईल, शेजारी होईल. तिथे मी नसेन."

बाबांनी सरकलेला पेंढा नीट रचला. बाई थांबून राहिल्या. घाई करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. शेवटी बाबा म्हणाले, "सकाळची गाडी बरी का दुपारची?"

पुन्हा पाण्यापासून सुरुवात झाली. तिसऱ्या तांब्यातला एक चमचा.

पुढच्या श्रावणात मी सांडोरला राहिले. शाळा बुडू नये म्हणून बाई स्वतः शिकवत. अपूर्णांक मला पुडीवरून कळले. स्वयंपाक त्या वाईट करत. भोपळा, दोडका, अळू, पुन्हा अळू. जेवताना त्या ताटाकडे बघत बसत. "तुमचे देव अळूवर कसे काय खूश होतात गं?" असं एकदा अगदी मनापासून विचारलं.

ओळखीची कोळीण फाटकाशी येई. पहिल्या आठवड्यातलं त्यांचं बोलणं मला चांगलं आठवतं.

"बाई, पापलेट बघा कसं हाय. पान्यातून आताच काढलंय."

"नको. श्रावण आहे."

"कोनाला?"

"मला."

कोळणीने टोपली खाली उतरवली. "कधीपासनं?"

"सोमवारपासून."

"फादरला म्हाईत हाय?"

"त्यांना कशाला उगीच त्रास."

"आनि ईस्टर करनार का आता एकादशी धरनार?"

"तू आधी टोपली झाक. वास येतोय."

कोळीण पुढे महिनाभर रोज फाटकाशी थांबून विचारायची, "बाई, देव पावला का?" आणि बाई खिडकीतून ओरडायच्या, "अजून अळूच आहे."

मला घरी पोचवायला त्या स्वतः आल्या. त्या गेल्यावर आजीने मला जवळ घेऊन हळूच विचारलं, "तिनं खाल्लं नाय ना?"

"नाय. एकदापन नाय."

आजी थोडा वेळ वाती वळत राहिली. मग आईला हाक मारून म्हणाली, "पुढल्या श्रावनाला पोर इथंच ऱ्हाऊ दे. पुडी गोठ्यात ठेव. औषधच हाय ते."

आता मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं याआधी कोणी नाही. वर्गात अजून हात वर करताना मला दोनदा विचार करावा लागतो. रोज सकाळी मी बोंबलाचा एक तुकडा खाते, कारण सोडला तर काय होतं ते मी पाहिलं आहे. सर्वांनाच हे जमतं असं नाही. बाईंच्या ओट्यावरच्या एका मुलीला अंडं कधीच सोसलं नाही. बाईंनी तिला थांबवलं आणि तिच्या आईला सांगितलं, "इथे मी हरले. आता टाळा." तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला लिहिता येत नाही. मी बरी झाले असं म्हटलेलंही त्यांना खपत नसे. "बरी नाही, ओळखीची झालीस म्हण. ओळख ठेवावी लागते." मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. त्यांच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझं सगळं बोलणं डोळे मिटून ऐकलं. कदाचित आवाजच ऐकत असतील.

मला सांगायचा आहे तो दिवस मात्र चौथीच्या परीक्षेनंतरचा, मे महिन्यातला. त्या दिवशी अख्खा बोंबील खायचा होता, कालवणातला, घरी सगळे खातात तसा. बाईंनी आईला सांगितलं होतं की कालवण तूच कर, तुझ्या नेहमीच्या चुलीवर, नेहमीच्या टोपात. आई पहाटे उठून करत होती आणि मीठ घातलं की नाही हे विसरून तिने ते दोनदा घातलं. बाबाही बरोबर आले. त्याआधी कोणत्याही खेपेला ते ओट्यावर चढले नव्हते. त्या दिवशी ते बाकाच्या टोकाला येऊन बसले.

स्टोव्हवर पाणी उकळत होतं. बाईंनी कालवणाचा डबा उघडला, आधी स्वतः एक घास खाल्ला. "खारट," म्हणाल्या. मग थोडं थोडं, मधे थांबून थांबून, मला दिलं. पहिला घास. मग बेडकाची, गाईची, परीक्षेच्या पेपरांची हकिगत. मग दुसरा. बाबा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. ते बाईंच्या तोंडाकडे बघत होते. दुपार गेली. ताटात फक्त काटा उरला.

"कसा लागला?" बाईंनी विचारलं.

मी घाबरत खरं सांगितलं. "नाय आवडला."

आई कपाळाला हात लावून बसली. बाई मात्र हसायला लागल्या, आणि त्यांचं हसू थांबेना. "आवडायला पाहिजे असं कोण म्हणालं?" त्यांनी डोळे पुसले. "उद्यापासून मीठ कमी घाला, मग बघू."

ऊन कलल्यावर त्यांनी माझा घसा पाहिला, छातीला नळी लावली, पाठ पाहिली. मग त्या आम्हाला सोडायला एस.टी.च्या थांब्यापर्यंत आल्या. तिथे उभ्या उभ्याच बाबांना म्हणाल्या, "जूनमध्ये हिला स्टेशनजवळच्या शाळेत घाला. मास्तरांना सगळं समजावून सांगायला मी येईन."

बाबांनी मान हलवली. गाडी लांबून येताना दिसत होती. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि ते जमत नव्हतं. गाडी थांबली, आई मला घेऊन चढली, तरी ते खालीच उभे.

"बाई," ते म्हणाले, "शाळेत डबा काय द्यायचा हिला?"

"डबा?" बाईंना क्षणभर प्रश्नच कळला नाही. मग त्या म्हणाल्या, "घरात जे शिजेल ते."

कंडक्टरने घंटी ओढली. बाबा पायरीवर चढले आणि आईच्या शेजारी येऊन बसले. "घरात जे शिजंल ते," त्यांनी तिला सांगितलं, जणू तिने ते ऐकलंच नव्हतं.